डावीकडचे आसन

अण्णांच्या तंबोऱ्याची जवारी बिघडली तेव्हा ही हकिगत सुरू झाली, असे आता मागे वळून पाहताना वाटते. त्यावेळी तसे काही जाणवले नव्हते. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. मिरजेच्या एका शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले. त्याला आता वीसहून अधिक वर्षे झाली. पहाटे उठून तंबोरा लावायचा आणि अर्धा-पाऊण तास नुसते त्याच्या नादात बसायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ. गाणे असे ते फारसे गात नसत. 'तंबोरा नीट लागला की गायलाच पाहिजे असं कुठं आहे?' असे म्हणत.

मिरजेत राहणाऱ्याला तंबोऱ्याची दुरुस्ती म्हणजे शिंप्याकडे जाण्याइतकी सोपी गोष्ट. सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी घरे आहेत. घोडीच्या पृष्ठभागाला कानशीने दिलेला सूक्ष्म उतार आणि तारेखाली हलकेच सरकवलेला सुताचा दोरा, यांच्या मेळातून जवारी साधते. तार घोडीला किंचित स्पर्श करीत कंप पावते आणि मूळ स्वराच्या वर उपस्वरांची एक झळाळी उभी राहते. अण्णांची तक्रार अशी की ही झळाळी गेली. एका वर्षात त्यांनी तीनदा तंबोरा गल्लीत नेला. तिसऱ्या खेपेला तो आणायला आम्ही गेलो असता कारागिराने गवसणीचे बंद बांधता बांधता, आमच्याकडे न पाहता सांगितले, 'तंबोऱ्याला काही झालेलं नाही. मागच्या दोन वेळेलाही झालं नव्हतं. सरांना एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवा.'

दाखवले. तपासणीचा आलेख हाती आला. तो डावीकडून बराच अंतर सपाट चालत जातो आणि मग एखाद्या कड्यावरून खाली उतरावा तसा उतरतो. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात उंच कंपनसंख्येचे ध्वनी आधी जातात, नीच ध्वनी पुष्कळ काळ टिकतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. भाषाशास्त्राची पत्रिका वर्षानुवर्षे शिकवलेली. त्यामुळे त्याचा अर्थ आम्हाला आमच्या परिभाषेत चटकन कळला. स्वर राहतात, व्यंजने जातात. 'आ', 'ओ', 'ऊ' यांचे बळ नीच पट्टीत असते. 'स', 'श', 'त', 'क', 'प' यांना ओळख देणारे बारीक फुत्कार नि स्फोट वरच्या पट्टीत असतात. म्हणून अण्णा म्हणत, 'ऐकू येतं रे, पण कळत नाही.' हे वाक्य आम्ही वर्षभर दुर्लक्षाने ऐकले होते. त्यातला एकूण एक शब्द शास्त्रशुद्ध होता.

एक साधा प्रसंग सांगतो. जेवताना आम्ही विचारले, 'अण्णा, पाणी?' ते म्हणाले, 'गाणी? आत्ता कुठली गाणी?' आम्ही हसलो. तेही हसले. दुसऱ्यांदा असे झाले तेव्हा आम्ही हसलो, ते हसले नाहीत. मग घरातले आवाज चढू लागले. त्यांच्याशी बोलताना ओरडायची आम्हाला सवय लागली. ओरडण्यात एक गंमत अशी की ओरडताना वाढतो तो मुख्यतः स्वर. व्यंजन बहुतांशी होते तिथेच राहते. म्हणजे ज्याची त्यांना गरज नव्हती ते आम्ही भरभरून देत होतो, आणि जे हवे होते ते त्या गदारोळात अधिकच बुडत होते. शिवाय ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो. हळूहळू अण्णांनी विचारणेच सोडले. तंबोऱ्यावर गवसणी चढली ती चढलीच.

याच सुमारास घराच्या पोर्चमध्ये ती गाडी येऊन उभी राहिली होती.

*

वाचकांपैकी बहुतेकांनी सॅन स्टॉर्म ही गाडी पाहिलेली नसेल. १९९८ साली गोव्यातून बाजारात आलेली ही दोन आसनांची, उघड्या छपराची स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉ कंपनीचे, १,१४९ सीसीचे. अश्वशक्ती जेमतेम साठ. त्यामुळे 'स्पोर्ट्स' हे विशेषण तिच्या रूपाला लागू पडते, वेगाला तितकेसे नाही. फार थोड्या गाड्या बनल्या नि विकल्या गेल्या. त्यांपैकी एक आमच्या काकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, घेतली. काका गोव्यात नोकरीला होते, अविवाहित होते. आयुष्यात त्यांनी केलेली उधळपट्टी ती हीच.

सुट्टीत ते ही गाडी घेऊन मिरजेला येत. घरात माणसे आठ आणि गाडीत जागा दोन. त्यामुळे 'सगळे मिळून' कुठे जाण्याचा प्रश्नच नसे. डावीकडच्या आसनावर अण्णा बसत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होणाऱ्या संगीतोत्सवाला दोघे भाऊ याच गाडीतून जात. तसे पाहिले तर घरापासून दर्गा चालत जाण्याच्या अंतरावर. पण पहाटे कार्यक्रम संपला की घरी यायचे सोडून ते गावाबाहेर कुठेतरी लांब चक्कर मारून येत. ऐकलेल्या गाण्याबद्दल बोलायला तेवढा रस्ता लागायचा, असे अण्णांनी एकदा सांगितले होते.

२०२२ साली काका गेले. ना-हरकत दाखल्यापासून नोंदणीपर्यंतचे सगळे सोपस्कार पार पाडून गाडी आमच्याकडे आली. ती ठेवावी की विकावी, याचा विचार करायच्या आतच एक गोष्ट लक्षात आली. अण्णा बाहेर पडेनासे झाले होते, पण 'काकांच्या गाडीतून नरसोबाच्या वाडीला जायचं का?' असे पाटीवर लिहून विचारल्यावर त्यांनी लगेच चपला पायात घातल्या.

ती पहिली फेरी मात्र सपशेल फसली. कापडी हूड जागोजागी विरलेले, दारांच्या रबरी पट्ट्या वाळून चिरफळ्या झालेल्या. साठच्या वेगाला आत वाऱ्याचा, टायरांचा आणि इंजिनाचा असा काही कल्लोळ माजला की श्रवणयंत्राने तोच इमानाने वाढवून अण्णांच्या कानात ओतला. अंकलीचा पूल यायच्या आधीच त्यांनी यंत्र काढून खिशात टाकले आणि वाडीपर्यंत नि वाडीहून घरापर्यंत ते समोर पाहत गप्प बसून राहिले. गाडी चालवणारा आमच्यापैकी एकजण आणि घरी वाट पाहणारा दुसरा, असे आम्ही दोघेही त्या दिवशी खिन्न झालो. मग ठरवले की दिवाळीच्या सुट्टीत ही गाडी आतून दुरुस्त करायची आणि तिच्यात चांगली ध्वनियंत्रणा बसवायची. अण्णांना गाडीत गाणे ऐकू आले पाहिजे.

*

येथून पुढे आमच्या अज्ञानाचा अध्याय आहे. तो थोडक्यात आटोपतो.

आम्ही एका दुकानात गेलो आणि जे मोठ्यात मोठे मिळाले ते आणले. एक ॲम्प्लिफायर, एक भलामोठा सबवूफर, दारांत बसणारे साडेसहा इंची स्पीकर. खोक्यावर वॅटचे आकडे ठळक छापलेले होते. पुढे कळले की हे आकडे पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुरासारखे असतात. चार वाहिन्यांना प्रत्येकी पन्नास वॅट असे लिहिलेल्या साध्या कार स्टिरिओची सलग देता येण्याजोगी ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. आणि ताकद खरोखर दुप्पट केली तरी आवाज वाढतो तो तीनच डेसिबलने. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर दहापट ताकद लागते. पण त्यावेळी आम्हाला एकच सूत्र ठाऊक होते: ऐकू येत नसेल तर वाढवा. घरात जे तोंडाने करीत होतो तेच आता तारा जोडून करायला निघालो होतो.

बसवले. अण्णांना बोलावले. काकांच्या आवडीचे एक नाट्यपद लावले. त्यांनी क्षणभर कान दिला आणि मग दोन्ही हात कानांवर ठेवले. 'ओरडतंय,' एवढेच म्हणाले आणि आत गेले. अशा कानाला हलका आवाज पोचतच नाही आणि मोठा आवाज एकदम बोचू लागतो, या दोहोंमधली पट्टी फार अरुंद झालेली असते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही ते वहीत लिहूनही घेतले होते. लिहून घेणे आणि ऐकणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही थकत नाही.

सबवूफर परत केला. ॲम्प्लिफायर ठेवला, पण तूर्त कपाटात. आणि गाडीतला आवाज वाढवण्याऐवजी गाडीतला आवाज कमी करायला घेतला.

*

हे काम कष्टाचे निघाले, पण खरे सांगायचे तर यंदाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून जे काही केले त्यात सर्वांत आनंदाचे हेच होते. आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवली. दारांची आतली आवरणे उतरवली. प्लॅस्टिकच्या क्लिपा वयाने ठिसूळ झालेल्या, त्यातल्या काही तुटल्या. फायबरग्लासमध्ये स्क्रू आवळण्याचेही एक तंत्र असते. पत्र्याच्या सवयीने जोर लावला की छिद्राभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. रुंद वॉशर घालून, हाताला जरा दमाने घेऊन काम करावे लागते. पहिल्या दाराला असे दोन तडे आम्ही दिले. दुसऱ्या दाराला एकही नाही.

फायबरचे अंग हलके असते आणि आवाज अडवायला वजन लागते. भिंत जितकी जड, तितका पलीकडचा आवाज कमी; वजन दुप्पट केले तर सहाएक डेसिबल उतरतात. म्हणून दारांच्या आत आणि पायांखाली ब्यूटाइल रबराच्या, वर ॲल्युमिनियमची फॉइल असलेल्या पट्ट्या चिकटवल्या. त्या नुसत्या दाबून चालत नाही. छोट्या रुळाने लाटून लाटून आतली हवा पूर्ण काढावी लागते. पोळ्यांचा अनुभव कामी आला. फायबर घासताना उडणारी धूळ मात्र अंगाला अशी खाजते की दोन दिवस आम्ही दोघेही एकमेकांपासून लांब बसलो. त्या पट्ट्यांवर फोमचा थर, त्यावर जाड गालिचा. दारांची रबरी बीडिंग नवी. हूडसाठी जीपचे हूड शिवणारा एक जुना माणूस सांगलीत गाठला. त्याने दोन पदरी कापड घेऊन मधे फेल्ट घालून दिले. हे सगळे झाल्यावर फोनमधल्या ध्वनिमापकाने साठच्या वेगाला काही डेसिबल उतरल्याचे दाखवले. पण मापकापेक्षा भरवशाची खूण वेगळी होती. इंडिकेटरची टिकटिक आम्हाला पहिल्यांदाच ऐकू आली.

आसने उसवली तेव्हा एक वेगळाच पेच उभा राहिला. वरचे काळे रेक्झिन काढले तर खाली वाघाच्या पट्ट्यांचे मखमली आवरण निघाले, आणि त्याच्याही खाली कारखान्यातून आलेले करडे कापड. तीन काळ एकावर एक. मूळ कोणते मानायचे? वर्गात आम्ही दरवर्षी सांगतो की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, शिरलेले अपपाठ काढून टाकले आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्यांची भर घालू नये असे बजावून ठेवले. सांगायला ते सोपे असते. समोर उसवलेली गादी ठेवली की प्रक्षेप कोणता आणि पाठ कोणता हे ठरवताना हात थांबतो. कारखान्याचे करडे कापड मूळ खरे, पण ते कोणाच्याच आठवणीत नव्हते. अण्णांना दाखवले. त्यांनी वाघाच्या पट्ट्यांवरून हात फिरवला नि म्हणाले, 'हा त्याचा. चांगला दिसत नव्हता तेव्हाही.' मग नवे आवरण जाड सुती कापडाचे शिवले, आणि वाघाचा एक तुकडा डाव्या दाराच्या खणाला आतून अस्तर म्हणून लावला. हात घातल्याशिवाय तो दिसत नाही.

डॅशबोर्डमधला कॅसेट प्लेयर बंद पडलेला होता. नवे यंत्र त्याच खाचेत सहज बसले असते; ती खाच १८० मिलिमीटर रुंद नि ५० मिलिमीटर उंच, जगभर ठरून गेलेल्या मापाची. पण अण्णा म्हणाले, 'तो राहू दे.' कारण विचारले नाही. जुने यंत्र जागच्या जागी ठेवले आणि नवे खालच्या कप्प्यात, झाकणामागे बसवले. मूळ संहिता वर, संपादकाची टीप खाली.

*

स्पीकर दारांतच राहिले, पण उंच ध्वनींसाठीचे लहान ट्वीटर आम्ही काचेच्या खांबांच्या पायथ्याशी, चेहऱ्याच्या पातळीला आणले. उंच ध्वनी सरळ रेषेत चालतो, गुडघ्यानेही अडतो. मग कपाटातला ॲम्प्लिफायर जोडला, गाडी सुरू केली, आणि स्पीकरमधून एक बारीक शीळ येऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढे, सोडला की उतरे. जणू इंजिनच गात होते. दोन संध्याकाळी आम्ही ही शीळ शोधत होतो. शेवटी एका वाहन-विजेचे काम करणाऱ्या मित्राने तारेला हात लावून विचारले, 'हिचा अर्थ कुठं दिलाय?'

आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्याला हा प्रश्न कोणी असा सरळ विचारला नव्हता. त्याचे म्हणणे असे होते की पत्र्याच्या गाडीत अर्थिंगची तार कुठल्याही बोल्टला जोडली तरी भागते, कारण सबंध अंगच वाहक असते. फायबरच्या गाडीत अंग वाहक नाही. आम्ही एक तार एका ब्रॅकेटला आणि दुसरी तिसऱ्याच ठिकाणी जोडली होती. त्या निरनिराळ्या वाटांमधून डायनामोची गुणगुण आत शिरत होती. सगळ्या अर्थांच्या तारा एकाच बिंदूला आणून तेथून एक जाड तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली. शीळ थांबली. अर्थ जेथल्या तेथे लावून चालत नाही, तो मुळापर्यंत न्यावा लागतो, हे वाक्य मनात आले. ते एकमेकांना ऐकवायचा मोह दोघांनीही टाळला. आज येथे मात्र तो टाळता आला नाही. असो.

आता उरले जुळवणे. नव्या यंत्रात प्रत्येक स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय असते. तिचे कारण साधे आहे. गाडीत कोणीच मधोमध बसत नाही. डावीकडे बसणाऱ्याला डावा स्पीकर जवळ, उजवा लांब; उजवीकडे बसणाऱ्याला उलट. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो; अंतरात अर्ध्या मीटरचा फरक म्हणजे दीड मिलिसेकंद. तेवढा जवळचा स्पीकर थांबवला की दोन्ही आवाज कानाशी एकदम येतात आणि गाणारा समोर, काचेच्या मध्यावर बसल्यासारखा वाटतो. पण ही सोय एका वेळी एकाच आसनापुरती करता येते. एकासाठी जुळवले की दुसऱ्यासाठी अधिकच बिघडते. गाड्यांचे शौकीन ती स्वाभाविकच चालकासाठी जुळवतात. गाडी त्याची असते. आम्ही टेप घेऊन डाव्या आसनाच्या डोकेटेकाशी मापे घेतली.

काव्यशास्त्रात सहृदयाला मोठे स्थान आहे. आम्ही त्यावर दहा गुणांचा प्रश्न विचारतो. रसनिष्पत्ती रसिकाच्या ठायी होते, असे विद्यार्थी लिहितात आणि आम्ही त्यांना सात-आठ गुण देतो. स्वतःला बेसूर ऐकू येणारी यंत्रणा दुसऱ्याच्या कानासाठी लावत बसण्याची वेळ येईपर्यंत या वाक्याचा अर्थ आम्हाला किती ठाऊक होता, हा प्रश्नच आहे.

*

जुळणी तपासायला गाणे उपयोगाचे नव्हते, कारण गाणे अण्णांना पाठ होते. न ऐकू आलेला भाग ते आठवणीने भरून काढत. म्हणून आम्ही दोघांच्या आवाजात वीस शब्द ध्वनिमुद्रित केले. एकाच व्यंजनाचा फरक असलेले: पाणी, गाणी, ताट, पाट, सण, शण, काठी, पाठी, असे. क्रम विस्कटून लावला. अण्णा डाव्या आसनावर, मांडीवर शाळेची वही. श्रुतलेखन घातले. ज्याने हजारो मुलांना श्रुतलेखन घातले तो माणूस पेन सरसावून बसला होता आणि आम्ही बाहेर उभे राहून काचेतून पाहत होतो. पहिल्या दिवशी वीसपैकी नऊ.

मग आलेख समोर ठेवून एकेक पट्टी हलवली. दीडशे हर्ट्‌झच्या खालचे घुमणे उतरवले, कारण ते नाजूक ध्वनींवर पांघरूण घालते. दोन ते चार हजार हर्ट्‌झ, जेथे व्यंजनांची ओळख असते, ते थोडे उचलले. त्याच्याही वर फार काही करण्यात अर्थ नव्हता. तेथे त्यांच्या कानात ऐकणारे कोणी उरलेलेच नाही. एकूण आवाज मुद्दाम बेताचा ठेवला. चौथ्या दिवशी वीसपैकी सोळा आले.

अण्णांनी वही तपासली. तांबडी शाई मागून घेतली. सोळा बरोबर खुणा केल्या, चार चुकांवर गोल काढले, आणि त्या चारांपुढे लिहिले: 'चूक वाचणाऱ्याची.'

आम्हाला आधी गंमत वाटली. ते गंभीर होते. त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितले. आम्ही कान देऊन ऐकले. 'शण'मधला 'श' खरोखरच 'स'च्या इतका जवळ होता की दोन्ही शब्द एकच वाटावेत. 'काठ' या शब्दातला 'ठ' आम्ही अर्धा गिळला होता. एका ठिकाणी शब्दाचा शेवट नुसता श्वासात विरून गेला होता. वीस वर्षे वर्गात बोलतो आहोत. ध्वनिक्षेपक असतो, आवाज पोचतो, मुले लिहून घेतात. शेवटच्या बाकावर काय पोचते हे कोणी तांबड्या शाईने आम्हाला कधी सांगितले नव्हते. अण्णांचा कान गेला आहे, हे आम्ही वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. आमचा उच्चार गेला आहे, हे त्यांनी चार गोलांत सांगितले.

त्या चार शब्दांचे ध्वनिमुद्रण पुन्हा केले. ते चारही त्यांना आले. म्हणून काही त्यांचा कान सुधारला असे नव्हे. आलेखातला कडा आहे तिथेच आहे, आणि परक्या माणसाचे भराभर बोलणे त्यांना आजही कळत नाही.

*

पुढच्या गुरुवारी अण्णा वाडीला निघाले. गाडीत जागा दोनच, त्यामुळे आमच्यापैकी एकाला घरी राहणे भागच होते. जे लिहितो आहोत ते गाडीत असलेल्याने सांगितले तसे. श्रवणयंत्र कानात होते आणि अंकलीचा पूल ओलांडल्यावरही ते कानातच राहिले. काकांचे ते नाट्यपद लावले होते. उजवीकडच्या आसनावर ते उजवीकडे कललेले, लंगडे ऐकू येत होते. अण्णा शांतपणे ऐकत होते. मधे आमच्यापैकी जो होता त्याने, रस्त्यावरची नजर न काढता, नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात विचारले, 'पाणी हवंय?'

'पाणी नको,' ते म्हणाले, 'गाणी बंद कर थोडा वेळ. बोलू.'

मग वाडीपर्यंत ते बोलत होते. काकांबद्दल बोलले, उत्सवानंतरच्या त्या लांबलचक पहाटेच्या चकरांबद्दल बोलले, आणि घरात आम्ही वर्षभर त्यांच्याशी ओरडून बोलत होतो त्याबद्दलही बोलले. ते सगळे येथे लिहिण्याजोगे नाही. घरी आल्यावर त्यांनी पायरीवर बसून चपला काढल्या आणि सांगितले, 'पुढच्या गुरुवारी दुसऱ्याने यायचं. एकालाच दोघांचं सांगून झालं.'

तेव्हापासून आम्ही आलटून पालटून जातो. हूडला डाव्या कोपऱ्यात बारीक फट पडली आहे, ती उन्हाळ्याआधी शिवून घ्यायची आहे.

तंबोऱ्याची गवसणी अण्णांनी मध्यंतरी काढली. जवारीची झळाळी त्यांना ऐकू येत नाही ती नाहीच. ती आणणारे यंत्र अजून तरी आमच्या पाहण्यात नाही. पण ते पहाटे बसतात, खुंट्या पिळतात, घोडीवरचा दोरा बोटाने केसभर सरकवतात आणि आम्हाला हाक मारून विचारतात, 'बोलतेय का?' आम्ही दोघे डोळे चोळत येऊन खाली बसतो आणि ऐकतो. कधी एकाला 'हो' वाटते नि दुसऱ्याला 'अजून नाही'. अण्णा दोघांच्याही तोंडाकडे पाहतात, आणि दोरा पुन्हा सरकवतात.